आकाशदिवा

आमच्या जैनथला कार्तिक महिना दोन भाषांतून येतो. मराठी घरांवर आकाशकंदील लागतात, तेलुगू मंडळींच्या देवळांत ध्वजस्तंभावर आकाशदीपम् चढतो. लक्ष्मीनारायणस्वामींची जत्राही याच महिन्यातली.

बाबांचा आकाशदिवा बाजारातला नसे. बांबूच्या कामट्या, पतंगी कागद आणि घरी शिजवलेली खळ. अंगणात उंच वेळू रोवायचा, त्याच्या शेंड्याला विहिरीवरची जुनी कप्पी बांधायची आणि कासऱ्याने दिवा वर चढवायचा. आधी आत पणती असे, पुढे विजेचा दिवा आला. वेळू धरायला शेजारचे अन्ना येत. याला कंदील म्हणायचे की दीपम्, यावर दोघांचा दरवर्षी लटका वाद होई.

गेल्या श्रावणात बाबा गेले. दुःखाचे वर्ष, सण करायचा नाही, म्हणून मी वेळूला हातही लावला नाही. पैनगंगेपलीकडे दिलेल्या ताईचा फोन आला.

"दिवा लावलास?"

"नाही."

ती काही बोलली नाही. तिने फोनही ठेवला नाही.

माझा मुलगा दिवाळीला हैदराबादहून आला होता. माझे मन रमावे म्हणून तो मोबाइलवर आकाशातल्या कलाकृती दाखवू लागला. 2022 च्या जानेवारीत दिल्लीच्या विजय चौकात हजार ड्रोनांनी आकाशात काढलेली चित्रे पाहिली. डोळे दिपले, मन मात्र हलले नाही. मग त्याने लंडनच्या उस्मान हक यांचे 'स्काय इअर', म्हणजे आकाशाचा कान, दाखवले. 2004 च्या सप्टेंबरात ग्रिनिचला हेलियमचे हजार फुगे एका जाळीत बांधून वर सोडले होते. फुग्यांत रंगीत दिवे आणि जाळीत साधे मोबाइल फोन. खाली उभ्या माणसांनी आपल्या फोनवरून ते नंबर लावायचे आणि वरचे आवाज ऐकायचे. फोन लागला की तिथल्या लहरी बदलत, आणि लहरी बदलल्या की दिव्यांचे रंग.

मी ते पुन्हा पुन्हा पाहिले. बाबांचा नंबर अजून माझ्या फोनात होता. तो बंद झाला आहे हे ठाऊक असून मी दोनदा लावला होता. मुलाला हे सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला अन्ना आले. अंगणाकडे पाहून म्हणाले, "तम्मुडू, वेळू कुठे?"

"यंदा सण नाही, अन्ना."

"सण नको करू. फराळ नको, फटाके नको. पण आकाशदीपम् पितरांना वाट दाखवायला असतो. तुझा बाप यंदाच पितर झाला, आणि यंदाच अंधार?"

बाबाही हेच सांगत असत. मराठीत ऐकलेले मी विसरलो होतो.

आम्ही वेळू उभा केला. मुलाने कंदील बांधला, मी कासरा ओढू लागलो. दिवा हेलकावे खात वर चालला आणि एकाएकी कासरा हातात अडला. वर कप्पीपाशी गाठ आली होती. दिवा किती उंच न्यायचा याची खूण म्हणून बाबांनीच कधी तरी ती मारून ठेवली असावी.

अन्ना म्हणाले, "बस. इथवरच."

मी कासरा वेळूला बांधला आणि ताईला फोन लावला.


"लावला," म्हणालो.

"इथून थोडाच दिसणार आहे," ती म्हणाली, आणि तरीही अंगणात गेल्याचा तिच्या पावलांचा आवाज मला फोनवर आला.