काळीच्या काठचा कादंबरीकार

धारवाडात आमचे बिऱ्हाड थाटले गेले त्याला आता तीन पिढ्या झाल्या. घरातील काचेच्या कपाटात हरिभाऊ आपटे आहेत, खांडेकर आहेत, रणजित देसाई आहेत. परंतु ज्या मुलखाच्या शेजारी आम्ही एवढी वर्षे काढली, त्या मुलखाची कादंबरी त्या कपाटात फार उशिरा आली, आणि आली तीही कोंकणीतून. महाबळेश्वर सैल यांची ‘काळी गंगा’ वाचून मिटली, तेव्हा मनात आले की या नदीचे मुख आपण कारवारला अनेकदा पाहिले, तिचे माहेर मात्र कधी पाहिले नाही. पावसाळा सरताच आम्ही उभयता आणि कॉलेजात शिकणारी आमची नात असे तिघे जोयड्याच्या वाटेला लागलो.

हल्याळ मागे पडले, दांडेली आली, आणि तेथून पुढे रस्ता रानाच्या कुशीत शिरला. काळी नदी याच जोयडा तालुक्यात डिग्गीच्या परिसरात उगम पावते. सुमारे १८४ किलोमीटरांचा प्रवास करून ती सदाशिवगडाच्या पायथ्याशी समुद्राला मिळते. उगमापासून मुखापर्यंत ती उत्तर कन्नड जिल्ह्यातच राहते. एकाच घरात जन्म काढणाऱ्या जुन्या काळच्या बाईसारखी! पण या घरात तिला पूर्वीसारखे मोकळे हिंडता येत नाही. गणेशगुडीजवळ १०१ मीटर उंचीचे सुपे धरण तिची वाट अडवून उभे आहे.

पूर्वी या तालुक्याला सुपे तालुका असेच म्हणत. काळी आणि पांढरी या दोन नद्यांच्या संगमावर सुपे गाव वसले होते. ते धरणाच्या पाण्याखाली गेले, कचेऱ्या जोयड्याला आल्या आणि उठलेल्या कुटुंबांपैकी कित्येकांनी रामनगरला नवा संसार मांडला. चहाच्या टपरीवर एक वृद्ध गृहस्थ भेटले. त्यांच्या बोलण्यात कोंकणी व मराठी अशी मिसळून गेली होती की सांधा सापडू नये. आम्ही जलाशयाच्या शोभेचे कौतुक करू लागलो, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “तुम्हांला पाणी दिसतं, बाबा. आम्हांला त्याच्याखालचं दिसतं.”

पुढचा सारा प्रवास त्या एका वाक्याच्या सोबतीने झाला. कादंबरीकाराचे काम याहून निराळे काय असते?

सैलांचा जन्म १९४३ साली कारवार तालुक्यातील माजाळी येथे, शेतकरी कुटुंबात झाला. तरुणपणी ते सैन्यात गेले. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत त्यांनी काम केले, १९६५ चे युद्धही पाहिले. लेखक म्हटला की पुस्तकांनी भरलेली खोली आणि टेबलावरचा दिवा आपल्या डोळ्यांपुढे येतो. येथे मात्र लेखणीच्या आधी नांगर आणि बंदूक आली. कोंकणी आणि मराठी या दोन्ही भाषांत त्यांनी लिहिले. ‘तरंगां’ या कथासंग्रहाला १९९३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तर ‘हावठण’ या कादंबरीला २०१६ चा सरस्वती सन्मान. सोळाव्या शतकातील गोव्याच्या धर्मांतरांवरील त्यांची ‘युगसांवार’ ही कादंबरी मराठीत ‘तांडव’ या नावाने आली.

जोयड्याहून अणशीकडे जाताना कुंभारवाडा नावाचे गाव लागते. पाटी पाहताच ‘हावठण’ आठवली, कारण ती कुंभार समाजाचीच कहाणी आहे. मातीची मडकी भाजणारे हात, त्यांचा देवधर्म, त्यांची उतरती कळा हे सारे सैलांनी बाहेरून टिपलेले नाही. शेजारधर्माने ठाऊक असलेले दुःख ते सांगतात, म्हणूनच त्यात कीव नाही.

अणशीचे अरण्य १९८७ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. आता ते काळी व्याघ्र प्रकल्पात मोडते. दुपारीही रस्त्यावर संध्याकाळची छाया होती. या डोंगररांगेच्या पलीकडे गोवा. अशाच सीमेवरच्या रानात राहणारा एकाकी वनरक्षक आणि त्याच्या आश्रयाला आलेली एक वेडी स्त्री यांची कथा सैलांनी ‘अदृष्ट’मध्ये सांगितली. तिच्यावरून लक्ष्मीकांत शेटगावकर यांनी ‘पल्तडचो मनीस’ हा कोंकणी चित्रपट काढला. २००९ साली टोरांटोच्या महोत्सवात त्याला समीक्षकांचा पुरस्कार लाभला. माणसाला माणूस म्हणून घरात घेण्याला गाव आडवे येते, ही गोष्ट कॅनडातल्या प्रेक्षकालाही परकी वाटली नाही.

घाट उतरून कद्र्यावरून आम्ही कारवारला पोहोचलो. १८८३ साली तरुण रवींद्रनाथ ठाकूर येथे आपले बंधू सत्येंद्रनाथ यांच्याकडे राहावयास आले होते. त्यांनी चांदण्या रात्री काळीतून नौकाविहार केला आणि ‘प्रकृतिर प्रतिशोध’ हे नाटक येथेच लिहिले. पाहुण्याला नदीने चांदणे दिले, काठच्या शेतकऱ्याच्या मुलाला चिखल दिला. दोन्ही देणग्या खऱ्याच. पण आपण मराठी वाचकांनी चांदण्याचे साहित्य जितक्या हौसेने घरी आणले, तितक्या हौसेने चिखलाचे आणले काय? पुण्या-मुंबईकडे डोळे लावून बसताना उशाशी वाहणारी नदी आपण वाचावयाची राहिलो, ही खंत मला त्या सायंकाळी लपविता आली नाही.

आमची नात मराठी बोलते, पण वाचण्याची वेळ आली की काही तरी निमित्त काढते. रात्री धर्मशाळेत तिने आपण होऊन पिशवीतून ‘काळी गंगा’ काढली. बोट ठेवीत, अडखळत तिने अर्धे पान वाचले आणि एकदम थांबून म्हणाली, “आजोबा, हे तर टपरीवरच्या त्या आजोबांसारखं बोलतंय!”

मी काही बोललो नाही. दिवा मात्र आणखी तासभर मालवू दिला नाही.