अर्धं लावलेलं खाचर

आषाढात माणूस गेला की दुःखालाही सवड मिळत नाही. उल्हास नदीच्या काठी त्याला निरोप देऊन आलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पाच-सहा मित्र त्याच्या खाचरात उतरलो. अर्धं खाचर त्यानेच लावून ठेवलं होतं. उरलेलं रोप एकवीस-बावीस दिवसांचं झालं होतं. आणखी आठवडा गेला असता तर ते जून झालं असतं. घरात सुतक. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं, पण पावसात जो तो आपल्या घरून निघाला आणि बांधावर सगळे भेटले.

तो रेल्वेत पॉइंट्समन होता. पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबते, प्रवासी वडापावासाठी उतरतात आणि तेवढ्या वेळात मागे बँकर इंजिनं जोडली जातात. १८६३मध्ये खुल्या झालेल्या भोर घाटातल्या रेल्वेमार्गाचा चढ ३७ फुटांमागे एक फूट आहे. भरलेली गाडी पुढच्या इंजिनाला एकट्याने ओढवत नाही. बँकर तिला मागून रेटत नेतात, लोणावळ्याला सुटतात आणि परत फिरतात. डब्यात बसलेल्यांना त्यांचा पत्ताही नसतो. आयुष्यभर हे काम केलं म्हणून तो तसा झाला, की मुळात तसा होता म्हणून या कामात रमला, याचा उलगडा मला झालेला नाही.

लग्नघरी तो शेवटच्या पंगतीला जेवायचा. रात्रपाळी करून पहाटे आला की वहिनींना न उठवता चूल पेटवायचा, पाणी तापवायचा. लेक पहाटेच्या लोकलने कॉलेजला जायची. बॅटरी घेऊन तिला स्टेशनवर सोडायला जायचा आणि शेवटच्या डब्यामागचा लाल दिवा दिसेनासा होईपर्यंत तिथेच उभा राहायचा. मागचा दिवा पाहिला की गाडी अख्खी गेली याची खात्री पटते, ही त्याची कामावरची सवय. माझी नोकरी गेली त्या वर्षी आमच्या ओटीवर भाताचं पोतं येऊन पडलं. कुणी टाकलं ते विचारण्याची गरज नव्हती, आणि त्यानेही तो विषय कधी काढला नाही.

दर २ जानेवारीला आम्ही सिद्धगडावर जायचो. १९४३ साली त्याच दिवशी इंग्रज सरकारच्या पोलिसांनी तिथे क्रांतिकारकांच्या आझाद दस्त्याला वेढलं, आणि माथेरानचे भाई कोतवाल व मानिवलीचे हिराजी पाटील धारातीर्थी पडले. कोतवाल तेव्हा जेमतेम तिशीचे. त्यांच्या नावाची घोषणा झाली की हा लगेच हिराजींच्या नावाची घोषणा द्यायचा. परतीच्या वाटेवर म्हणायचा, “मरताना सोबत असलेल्या माणसाला विसरू नये.”

१९ जुलै २०२३च्या रात्री खालापूरच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीला रस्ता नव्हता, यंत्रं वर नेता येत नव्हती. सकाळी पाळी संपल्यावर हा घरी न येता पाण्याची खोकी डोक्यावर घेऊन डोंगर चढणाऱ्यांत मिसळला. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण मातीतच राहिले. परतला तेव्हा एकच बोलला, “काही पोरं आश्रमशाळेत होती म्हणून वाचली. पण आता सुट्टी लागली की ती जायची कुठे?” त्या रात्री तो आपल्या झोपलेल्या लेकीच्या उशाशी बसून राहिला, हे वहिनींनी मला आता, तो गेल्यावर सांगितलं.

दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवले तेव्हा सगळे त्याची राहिलेली इच्छा आठवू लागले. कुणी लेकीच्या शिक्षणाची हमी दिली, कुणी म्हाताऱ्या आईला सांभाळण्याची. कावळा शिवायला वेळ लागला. मी मात्र गप्प राहिलो. त्याने स्वतःसाठी काय मागितलं होतं ते मला आठवेना. इतक्या वर्षांच्या मैत्रीत मी ते एकदाही विचारलं नव्हतं. त्या क्षणी जी लाज वाटली, ती अजून गेलेली नाही. जो सगळ्यांना मागून रेटतो, त्याच्या पाठीशी कोण आहे हे पाहायचं राहूनच जातं.

तेराव्यानंतर वहिनी पहिल्यांदा शेतावर आल्या. आम्ही लावलेल्या रोपाने जीव धरला होता, पिवळेपणा जाऊन हिरवा रंग चढला होता. तो चारसूत्री पद्धतीने लावायचा. दोरी धरून, आलटून-पालटून १५ आणि २५ सेंटीमीटरवर. त्याच्या ओळी आखल्यासारख्या सरळ. आम्हीही दोरी धरली होती, पण आमचा हात त्याचा नव्हता. आमच्या ओळी वाकड्या झाल्या होत्या. मी ओशाळून म्हणालो, “वहिनी, जमलं तसं लावलं.”

त्या बराच वेळ बांधावर उभ्या होत्या. मग पदर सावरत म्हणाल्या, “असू देत, भाऊजी. ह्यांचं कुठे संपलं आणि तुमचं कुठे सुरू झालं, ते दिसतंय. कापणीपर्यंत दिसत राहील.”