राखीव कोण?

आपल्या धंद्यात दर बजेटच्या वेळी एक प्रश्न हमखास येतो. सर्व्हर एवढे रिकामे बसतात, मग थोडे कमी का नाही करत? मॅनेजरला समजावता समजावता तोंडाला फेस येतो. विजेच्या ग्रिडमध्ये हाच प्रश्न आहे, फक्त खूप मोठा. आणि त्याचं उत्तर आम्हा वसई-विरारकरांना समजावायची गरज नाही.

२००५ नंतरची काही वर्षं आठवा. राज्यात विजेचा तुटवडा. संध्याकाळच्या विरार लोकलमधून भाईंदरपर्यंत सगळं झगमगीत, कारण तिथे मुंबईच्या खाजगी कंपनीची वीज. खाडीचा पूल ओलांडून नायगाव आलं की महावितरणची हद्द, आणि कितीतरी वेळा मिट्ट काळोख. भारनियमन! त्याचा अर्थ सरळ होता. ग्रिडच्या हाताशी राखीव वीज नसेल तर कुणाची तरी वीज कापून हिशेब जुळवायचा. म्हणजे राखीव साठा कोण? आम्हीच की!

गंमत अशी की वीज ज्या क्षणी तयार होते त्याच क्षणी वापरावी लागते. गणित जुळतंय का ते फ्रिक्वेन्सी सांगते. ती ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झमध्ये ठेवायची. मागणी वाढली की ती घसरते. मग पहिल्या काही सेकंदांत चालू जनित्रं आपणहून जोर लावतात, त्यानंतर कंट्रोल रूमचा संगणक निवडक केंद्रांना सिग्नल देतो, आणि साधारण पंधरा मिनिटांनी तिसरी फळी उतरते. आपलं ऑटोस्केलिंगच म्हणा ना.

आता यात सौरऊर्जा आली. दुपारी भरपूर आणि स्वस्त. पण चर्चगेटहून गाड्या भरभरून सुटायला लागतात तेव्हाच सूर्य रजा घेतो, आणि घरोघरी एसी चालू होतात. मध्येच ढग आला तर तो वेगळाच. कोळशाचा संच अशा वेळी कामाचा नाही. थंड संच सुरू करायला तास लागतात, आणि चालू संच साधारण ५५ टक्क्यांच्या खाली आणता येत नाही.

इथे पाणी कामाला येतं. ५ एप्रिल २०२० ची 'नऊ मिनिटं दिवे बंद' ची रात्र आठवतेय? देशाची मागणी सुमारे ३१,००० मेगावॅटने खाली आली. तेव्हा जलविद्युत केंद्रांनी पंचवीसेक मिनिटांत आपलं उत्पादन २५,५५९ वरून ८,०१६ मेगावॅटवर आणलं आणि लगेच परत चढवलं. ग्रिड सलामत राहिली.

आपल्याकडे कोयना आहे, १९६० मेगावॅटची. पण कृष्णा लवादाने पश्चिमेकडे वळवून वीज करायला वर्षाला ६७.५ टीएमसी पाणीच दिलंय. म्हणजे रोज संध्याकाळी हात सैल सोडला तर मे महिन्यात काय? घाटघरला २५० मेगावॅटचा प्रकल्प आहे. खालच्या धरणातलं पाणी वर चढवायचं, गरज पडली की सोडायचं. पूर्वी अशा प्रकल्पात पाणी चढवायची वेळ म्हणजे रात्र. सौरऊर्जेच्या जमान्यात ते भर दुपारी करणं शहाणपणाचं. बॅटऱ्यांचं कामही तेच: दुपारचं ऊन संध्याकाळपर्यंत राखून ठेवायचं.

हे सगळं फुकट नाही. बहुतेक वेळ नुसतं तयारीत बसून राहण्याचे पैसे कुणीतरी देणारच. म्हणून 'सौर वीज इतक्या रुपयांना पडते' असं कुणी सांगितलं, तर मी आधी विचारतो, दुपारची की संध्याकाळी सातची?

आणि राखीव वीज ही उधळपट्टी आहे असं म्हणणाऱ्यांना एकच सांगायचंय. भारनियमन काही सगळ्यांना सारखं नव्हतं. जिथे वीजगळती जास्त आणि वसुली कमी तिथे तास जास्त, आणि शेतीच्या फीडरची तर गोष्टच सोडा. आज आपल्याकडे टॉवर आलेत, इन्व्हर्टर आलेत. उद्या पुन्हा कापाकापीची वेळ आली तर पहिला नंबर बहुधा आपला लागणार नाही, जव्हार-मोखाड्याचा लागेल.

राखीव ठेवायला यंत्रं नसली की माणसं ठेवली जातात. मग बिलातले चार पैसे जास्त गेलेले मला तरी चालतील. तुमचं काय?