पहाटेची पंधरा मतं

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत पक्षाची चिन्हं नसतात. कपबशी, शिट्टी, छत्री, नारळ असली चिन्हं असतात आणि त्यांच्या मागं भावकी उभी असते. लोकसभेला हरलेला माणूस लांब कुठंतरी हरतो. इथं हरलेला आणि जिंकलेला दुसऱ्या दिवशी सकाळी एकाच डेअरीवर दूध घालायला येतात. वॉर्डात मतं ती किती, चार-पाचशे. एका मतानं जागा जाते, आणि समसमान झाली तर चिठ्ठी काढून निकाल लावतात. म्हणून लोकसभेच्या ड्यूटीपेक्षा आम्हा शिक्षकांना या ड्यूटीचीच जास्त धास्ती.

त्यात लोक विचारतात, "गुरुजी, मशीन खरं बोलतं का?" मशीन कसं बनतं, आत काय असतं, ते मी कुठं बघितलंय? मला बघायला मिळतो तो फक्त पहाटेचा एक तास.

18 डिसेंबर 2022 ला माणदेशातल्या एका गावात मी केंद्राध्यक्ष होतो. सरपंच थेट जनतेतून निवडायचा होता, त्यामुळं एका मतदारानं चार बटणं दाबायची : एक सरपंचाचं, तीन सदस्यांची. सरपंचाची मतपत्रिका फिकट निळी. कुणीच पसंत नसेल तर त्या त्या जागेचं नोटा दाबायचं. चारही झाल्याशिवाय लांब 'बीप' वाजत नाही. मशीन आमच्या हातात येण्याआधी तालुक्याला त्याचं सीलिंग झालेलं असतं. उमेदवारांना बोलावून मतपत्रिका काचेखाली बसवतात, नको ती बटणं झाकतात, दाबून बघतात. पण तालुक्याला उमेदवार जातो तो आपलं नाव आणि चिन्ह नीट छापलंय का एवढंच बघायला. मशीनकडं खरं ध्यान जातं ते मतदानादिवशी, गावच्या शाळेत.

रात्री शाळेच्या फरशीवर झोपलो म्हणजे नुसतं पडलो, एवढी थंडी. साडेपाचला उठलो. सव्वासहापर्यंत तिन्ही पॅनेलचे पोलिंग एजंट आले. कपबशीकडून आलेले अण्णा सत्तरीच्या आसपासचे, मफलर, हातात खिशातली छोटी डायरी. आल्या आल्या त्यांनी टेबलाखाली वाकून बघितलं.

"चिट्टीचं मशीन कुटं हाय?"

लोकसभेला, विधानसभेला व्हीव्हीपॅट असतं. बटण दाबलं की काचेआड सात सेकंद चिठ्ठी दिसते. गावच्या निवडणुकीला ते नसतं. मी तसं सांगितलं.

"म्हंजी दिल्लीच्या मताला चिट्टी, आन आमच्या मताला न्हाय?"

यावर काय बोलणार? मला तर ते बोलणं पटलंच होतं. म्हणालो, "अण्णा, चिठ्ठी नाही, पण आता तुम्हीच दाबा, तुम्हीच लिहा, तुम्हीच मोजा."

कागदावर हे अभिरूप मतदान, आमच्या तोंडी मॉक पोल. पंधरा मतं घ्यायचं ठरलं. पाळीपाळीनं एजंटांनी आडोशाला जाऊन बटणं दाबायची, काय दाबलं ते मोठ्यानं सांगायचं, आणि अण्णांनी डायरीत रेघा ओढायच्या. मग क्लोज, रिझल्ट. सदस्यांचे आकडे बरोबर आले. सरपंचाचे आले ते असे : डायरीत कपबशी पाच, शिट्टी चार, छत्री चार, नोटा दोन. मशीनवर कपबशी चार, शिट्टी पाच.

वर्गात कुणी बोलेना. मग अण्णा सावकाश म्हणाले, "बगा. पाटंचंच एक ग्येलं."

सात वाजून गेले होते. साडेसातला दार उघडायचं होतं, बाहेर बायकांची रांग लागली होती. माझा एक सहकारी कानाशी लागला, "सर, बेरीज पंधराच आहे. घ्या प्रमाणपत्रावर सह्या." बेरीज पंधराच होती, खरं आहे. पण जिथं एका मतानं भावकी फुटते तिथं "एकाचाच तर फरक" हे बोलायची सोय नाही. सह्या त्यांनी केल्याही असत्या. संध्याकाळी मात्र तेवढं एक मत गावभर फिरलं असतं आणि रात्रीत त्याची पन्नास झाली असती.

मी क्लिअर दाबलं, सगळीकडं शून्य दाखवलं, आणि बॅलेट युनिट आडोशातून काढून सगळ्यांच्या समोर टेबलावर ठेवलं. मॉक पोलला गुप्तता कसली? आता दाबणारा एक आणि त्याच्या खांद्यावरून बघणारे बाकीचे. सहावं मत शिट्टीच्या पोरानं दिलं. तोंडानं म्हणाला "कपबशी", आणि बोट गेलं शिट्टीवर. सवयीचं बोट. प्रचारात महिनाभर तेच चिन्ह दाखवत हिंडला होता.

"आरं, आरं!" अण्णांनी त्याचं मनगटच धरलं. पोरगं लाजून लाल झालं. "मगाशी बी तसंच झालं असंल, आण्णा." शिट्टीच्या नावावर एक रेघ ओढून अण्णा हसले. मग सगळेच हसले.

या वेळी डायरी आणि मशीन जुळलं. क्लोज, रिझल्ट आणि शेवटी क्लिअर. हे शेवटचं बटण फार वाईट. ते राहिलं तर पहाटेची खोटी मतं दिवसभराच्या खऱ्या मतांत मिसळतात. म्हणून शून्य मी प्रत्येक एजंटाला जवळ बोलावून दाखवलं. कागदी सीलवर सह्या झाल्या, सीलचा नंबर अण्णांनी डायरीत उतरवून घेतला. दार उघडलं तेव्हा साडेसातला दोन मिनिटं कमी होती.

दिवसभर अण्णा खिडकीशी बसून होते. साडेपाचला मतदान संपलं. नोंदवहीत शेवटचा अनुक्रमांक 438, मशीनवर 438. तोही आकडा डायरीत गेला.

20 तारखेला मतमोजणी. मी काही कामानं तालुक्यालाच होतो. त्या गावाची कपबशी सरपंचाला सहा मतांनी पडली. गुलाल उधळत पोरं बाहेर पडली आणि त्यांच्या मागून मफलर गुंडाळत अण्णा. मला बघून थांबले. डायरी काढली, पान उघडून माझ्यापुढं धरलं.

"चारशे आडोतीसच निगाली, गुर्जी. शीलाचा लंबर बी त्योच हुता." डायरी खिशात घातली आणि विचारलं, "म्हसवडची येष्टी गेली का हो?"