हातपाय गरम झाले का?

काल रात्री डोळ्याला डोळा नाही! कशामुळे, तर एका इंग्रजी शोधनिबंधामुळे. हसू नका. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल', 2011. लेखक हिंमतराव आणि प्रमोदिनी बावस्कर, मुक्काम महाड. हो, आपलं महाड, सावित्रीकाठचं!

बावस्कर म्हणजे विंचवाचे डॉक्टर, एवढं मलाही ठाऊक होतं. 1976 साली बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रात आलेला हा तरुण, लाल विंचवाने माणसं डोळ्यांदेखत जाताना बघत होता. विषाने रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतं, फुप्फुसात पाणी भरतं. त्यावर त्यांनी प्राझोसिन वापरून पाहिली. साधी रक्तदाबाची गोळी! ती आवळलेल्या वाहिन्या सैल करते.

पण हा निबंध त्याच्या पुढचा. प्रतिविष आल्यावर प्रश्न पडला: गोळी पुरे, की जोडीला प्रतिविषही हवं? मग 70 रुग्ण, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटणी, 35 जणांना नुसती गोळी, 35 जणांना दोन्ही. दहा तासांनी पाहिलं तर दोन्ही मिळालेल्यांतले 32 जण लक्षणांतून मोकळे, नुसत्या गोळीवरचे फक्त 8. मी आकडे दोनदा वाचले.

आणि बरं झालं हे ठरवायचं कशावरून? घाम थांबला का, लाळ थांबली का, गार पडलेले हातपाय गरम झाले का, नाडी नि रक्तदाब ताळ्यावर आले का. बस्स! उशाशी रात्री जागवलेल्या माणसालाच असली मोजपट्टी सुचते. कुणाला काय दिलंय हे डॉक्टरांना माहीत होतं, ते जरा खटकतं. पण निबंधात ते लपवलेलं नाही, आणि 32 विरुद्ध 8 हा फरक काही थोडाथोडका नाही.

मी आजवर समजत होतो, औषधांच्या चाचण्या आखायच्या त्या मोठ्या शहरांत, मोठ्या कंपन्यांनी. गावच्या डॉक्टरने फक्त रुग्ण पुरवायचे. महाडात तर प्रश्नही दवाखान्याचा, आखणीही दवाखान्याची!

मग ताप, खोकला, जुलाब, पावसाळ्यातल्या चिखल्या, यांचे प्रश्न कुणाला पडत असतील? आमच्या आशाताईंना, नर्सबाईंना. त्यांना कुणी विचारलंय?

निबंध इंटरनेटवर फुकट आहे, वाचाच. मी सोमवारी त्याची प्रत घेऊन आमच्या आरोग्य केंद्रात जाणार आहे. तुम्हीही तुमच्या गावच्या केंद्रात जा.