हाताशी असलेली विद्या

दिल्लीतील द्वारकेच्या एखाद्या सदनिकेत मेजाभोवती ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चा डाव मांडला जातो, तेव्हा मांत्रिकाची भूमिका घेतलेला मुलगा आधी मंत्रांच्या चिठ्ठ्या लावतो: रक्षणाचे एकीकडे, संहाराचे दुसरीकडे. १९७४ मध्ये निघालेल्या या खेळाच्या जुन्या नियमांत उच्चारलेला मंत्र स्मरणातून पुसला जाई. ही कल्पना जॅक व्हान्स यांच्या १९५० सालच्या ‘द डाइंग अर्थ’ या पुस्तकातली. मराठी मनाला येथे कर्ण आठवतो. परशुरामांच्या शापामुळे त्याला ऐन रणात ब्रह्मास्त्राचे विस्मरण झाले. विद्या मिळवणे निराळे, ती प्रसंगी हाताशी असणे निराळे. कर्णाचे विस्मरण शापातून आले. या मुलाला मात्र जागा मोजक्या असल्याने डावागणिक स्वतःच ठरवावे लागते, की आज कोणती विद्या मागे ठेवून निघायचे.