लाता गावावरून जाणारी वाट

चि. मकरंद,

परवा फोनवर तू म्हणालास, "मामा, नंदादेवी बंद असली म्हणून काय झालं? मोबाइलमध्ये ट्रॅक आहे. लाता गाव झोपेत असतानाच निघू." त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही.

तुझ्या मोबाइलमधली ती रेघ आली कुठून? ७,८१६ मीटरच्या या शिखराभोवती उत्तुंग डोंगरांचं रिंगण आहे. ते फोडून ऋषिगंगा पश्चिमेला बाहेर पडते, तेवढीच काय ती फट. १९०५ मध्ये गिर्यारोहक लाँगस्टाफला रिंगणावरच्या एका खिंडीतून आत नुसतं डोकावता आलं. १९३२ मध्ये रटलेज सुंदरढुंगाच्या बाजूनं गेला आणि तसाच परतला. शेवटी १९३४ मध्ये शिप्टन आणि टिलमन ऋषिगंगेच्या घळीतून आत शिरले. अंग थारके, पासांग आणि कुसांग हे तीन शेर्पा सोबत होते. ओझी पाठीवर, खाली नदीचा घोंगाट आणि कड्याला चिकटून इंच इंच सरकणं. दोन वर्षांनी, २९ ऑगस्ट १९३६ रोजी टिलमन आणि ओडेल माथ्यावर पोचले.

हे तुला पाठ आहे. पण घळीच्या तोंडाशी पोचण्याआधी धरांसी आणि डिब्रूगेटाची कुरणं लागतात. तिथवरची पायवाट लाताच्या गावकऱ्यांच्या शेळ्यामेंढ्यांच्या खुरांनी पडलेली. मोहिमा त्याच वाटेनं वर गेल्या. म्हणून मी तुम्हा पोरांना कायम सांगत आलो, चढाईचा मार्ग आखताना आधी गाव बघा, मग कडा. सह्याद्रीतसुद्धा आपण वाडीतल्या कुणाला विचारल्याशिवाय कधी पुढे गेलो का?

१९७४ नंतर मोहिमांची रीघ लागली. कचरा साचला, जळणासाठी झाडं तुटली. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं आणि पाठोपाठ आतला भाग बंद झाला. तो बंद करणं गरजेचं होतं, असं मी आजही म्हणतो. पण किंमत मोजली लातानं. चराई गेली, मोहिमांची हमाली गेली. शेजारचं रेणी म्हणजे गौरादेवीचं गाव. १९७४ मध्ये तिथल्याच बायकांनी झाडांना मिठ्या मारून जंगल वाचवलं होतं. त्याच मुलखातल्या लोकांवर स्वतःच्या रानात जायला बंदी! १९९८ मध्ये त्यांनी हक्कासाठी आंदोलन केलं, तेही दिवसाढवळ्या. पुढे वाटेचा काही भाग ट्रेकर्सना मर्यादित संख्येत खुला झाला. आणि त्यांच्या अंगणातून तू रात्री लपतछपत जाणार?

आत काही झालं तर तुला शोधायला कोण येईल, याचा विचार केलास? तीच माणसं येतील. ७ फेब्रुवारी २०२१ ला रोंटी शिखराचा उतार बर्फासकट कोसळला. ऋषिगंगेला आलेल्या लोंढ्यात दोनशेच्या वर माणसं गेली. त्या खोऱ्यातल्या लोकांना आता तुझ्यासाठी दरीत उतरायला लावू नकोस.

परवानगी काढून धरांसीपर्यंत जाणार असशील तर गुडघ्याला पट्टा बांधून मीही येतो. वाटाड्या लाताचाच घेऊ.

ताईला मी अजून काही बोललेलो नाही. तो ट्रॅक तुला कुणी दिला आणि तुझ्याबरोबर आणखी कोण कोण आहे, ते उलट टपाली कळव. फोन नको, लिहून कळव.

तुझा,
मामा